पाचशेवी पाटी

"आबा, खिळा तुम्ही ठोकताय की मी ठोकू?"

हेरंब पेठेनं दुसऱ्यांदा विचारलं. पहिल्या वेळी आबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. या वेळी त्यांनी त्याच्या हातातल्या खिळ्याकडं बघितलं आणि बघतच राहिले.

"हा कशाला?"

"कशाला म्हणजे? पाटी लावायला! आज पाचशेवी, विसरलात होय?"

"आणि आधीच्या... चारशे नव्याण्णव?"

"त्याही अशाच. चार इंची खिळे, एकेका पाटीला दोन. वाऱ्यापावसाला हलायच्या नाहीत."

आबांनी बोटानं खिळ्याचं टोक चाचपून बघितलं.

आबा मुळात कमीच बोलत. झिलू आबा मयेकरांचा उभा जन्म माडावर गेला. नारळाच्या झाडाला त्यांच्याकडं माडच म्हणायचं. त्याची पोय, म्हणजे फुलोऱ्याचा तो लांब मिटलेला कोंब, तासायची आणि तिच्यातून थेंब थेंब गळणारी माडी मडक्यात धरायची, हा त्यांचा धंदा. तिथं वर गप्पा मारायला असतं कोण? कावळे. त्यांच्याशी माणूस बोलून बोलून किती बोलणार! आता वय ऐंशीच्या पुढं गेलेलं, गुडघे बसलेले. वर्षभर आबांचं पाऊल गल्लीच्या तोंडापलीकडं पडलं नव्हतं. त्यांची माडांची वाडी बिल्डिंगांच्या पोटात गेली आणि उरला तो दारातला एकुलता एक माड. त्याच माडावर आज पाचशेवी पाटी लागायची होती.

हेरंबचं सगळं उलट. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारा माणूस, तोंड चाललं तरच पोट चालणार. वय चौतीस, चेहरा सदा उजळलेला, आणि शहराच्या रस्त्यांवरचा एकूण एक पाम तोंडपाठ. पाम म्हणजे माड, ताड, शिंदी, सुपारी ही सगळी भावकी हो. खांबासारखं उभं खोड आणि डोक्यावर पानांचा झुबका. शहरातली माणसं यांतल्या निम्म्यांना नारळ म्हणतात, निम्म्यांना नुसतं पाम म्हणतात आणि मोकळी होतात.

हेरंबला हे वेड लागलं त्यालाही कारण होतं. दोन वर्षांपूर्वी एका सोसायटीनं दारातला भेरली माड तोडून टाकला. का, तर म्हणे इतकी वर्षं झाली तरी नारळ धरत नाही! अहो, भेरली माडाला नारळ कुठून धरणार? चिंचेला कधी आंबे लागलेत का? हेरंब पोचला तेव्हा झाड फुटपाथवर आडवं झालं होतं. त्या दिवशी तो घरी जाऊन जेवला नाही. नाव ठाऊक असतं तर लोकांनी तोडला नसता, हे त्याच्या मनानं घेतलं ते घेतलंच.

मग दोन वर्षं दर रविवारी आबांच्या दारात बैठक. आणि गेले अकरा महिने पाट्या.

आज अकरा वाजता वृक्षमित्र मंडळाची माणसं येणार होती. हार येणार होते, फोटो निघणार होते. पण खरं सांगायचं तर हेरंबला हारांची हाव नव्हती. त्याला एक शब्द हवा होता, तोही आबांच्या तोंडून.

दोन वर्षांत आबा त्याला एकदाही "बरोबर" म्हणाले नव्हते. त्यानं झाड ओळखावं, मराठी नाव सांगावं, शास्त्रीय नाव सांगावं, आबांनी मान हलवावी आणि म्हणावं, "हं... मग?"

बस्स. एवढंच. हं, मग!

कॉलेजात ज्याला चुकताना कुणी पाहिलं नाही त्याच्या जिवाला हे "मग" कसं लागत असेल, सांगा. आज चारचौघांत तरी म्हातारा "बरोबर" म्हणेल, एवढ्या आशेवर तो नवा कुडता घालून आला होता.

"पहिली पाटी कुठं लावलीस?" आबांनी विचारलं.

"पहिली? आमच्याच दारात. घरच्या माडापासून श्रीगणेशा केला."

आबांनी मान वर केली.

"त्या माडाला?"

"त्याच. तुम्हीच लावलेला ना तो, माझ्या बारशाच्या दिवशी?"

आबा भिंतीला धरून उठले आणि आत गेले. बराच वेळ आत होते. डबे हलवल्याचे आवाज आले. बाहेर आले तेव्हा खांद्याला कापडी पिशवी होती, आणि पिशवीत काहीतरी जड.

फोडायला नारळ घेतला वाटतं, हेरंबला वाटलं. त्याला बरं वाटलं.

"चल," आबा म्हणाले. "आधी तुझी झाडं दाखव."

"आत्ता? आबा, तुमचे गुडघे... आणि अकरा वाजता माणसं येतील."

"येतील. बसतील."

झालं. ऐंशी वर्षांचं माणूस काठी टेकत पुढं आणि प्रोफेसर हातोडी, पाटी, खिळे सांभाळत मागं. रविवारचा रस्ता मोकळा होता.

बँकेसमोर सहा झाडं रांगेत उभी. गुळगुळीत राखाडी खोडं, मध्येच पोट फुगलेली.

"बाटली पाम," हेरंबनं सुरू केलं. "परदेशातून आणलेला. वरचा गळा बघा, हिरवा आणि तुकतुकीत. सुपारीलाही तसाच गळा असतो, म्हणून लोक फसतात. पण सुपारी काठीसारखी बारीक, आणि हा..."

"हं. मग?"

आबा वर बघतच नव्हते. ते खाली, झाडाच्या बुंध्याशी बघत होते. मग त्यांनी पाटीवरून हात फिरवला, खिळ्याभोवती बोट फिरवलं आणि पुढं चालू लागले.

शाळेच्या कोपऱ्यावर भेरली माड. याच्यावर हेरंबचा विशेष जीव.

"हा बघा माझा राजा! पानाचा तुकडा हातात घेतला तर माशाच्या शेपटीसारखा. फुलोरा घोड्याच्या शेपटासारखा लोंबतो. आणि गंमत म्हणजे हा वरून खाली फुलतो. शेंड्याला पहिला तुरा, मग त्याखाली, मग त्याखाली. सगळ्यात खालचा तुरा आटोपला की झाडाचं आयुष्य संपलं. लोकांना वाटतं रोग पडला..."

"हं... मग?"

"मग काय, आबा? आणखी काय सांगू?"

आबा वाकले. गुडघे कटकन वाजले. बुंध्याशी पडलेलं काहीतरी चिमटीत उचललं, चोळलं, फेकून दिलं.

"माती आहे," ते स्वतःशीच म्हणाले. आणि त्यांना हायसं वाटल्यासारखं दिसलं.

हेरंबला कळेना, हा माणूस झाडं बघायला आलाय की केर बघायला.

देवळापाशी ताड होता. पंख्यासारखी पानं, काळं खोड. त्याच्यापुढं, इस्त्रीवाल्याच्या टेबलामागं, शिंदी. इस्त्रीवाल्यानं कोळशाची इस्त्री बाजूला ठेवली आणि हेरंबला नमस्कार केला.

"सर, तुमच्या पाटीमुळं कळलं बघा. आम्ही आजवर खजूर खजूर म्हणत बसलो. ही शिंदी निघाली!"

हेरंब फुलला. त्यानं चोरट्या नजरेनं आबांकडं बघितलं. बघा म्हणावं. साध्या माणसाच्या तोंडी नाव गेलंय.

आबा शिंदीच्या पाटीसमोर उभे होते. पाटीच्या डाव्या खिळ्याखालून तपकिरी ओघळ आला होता, अर्धवट वाळलेला, चकाकणारा.

"हे काय?"

"गंज, आबा. खिळा लोखंडाचा ना, पावसानं गंज उतरतो. पुढच्या वेळी पितळेचे घ्यावेत म्हणतोय."

आबांनी ओघळाला बोट लावलं. बोट चिकटलं. ते त्यांनी नाकाशी नेलं आणि डोळे मिटले. मग तेच बोट हेरंबच्या नाकाखाली धरलं.

आंबूस वास. नासलेल्या ताडीसारखा.

"गंजाला असा वास येतो?"

हेरंबनं ओघळ नखानं खरवडून बघितला.

"झाडाचा... रस असेल. थोडा पाझरतो कधी कधी."

"थोडा."

"आबा, तुम्ही पण जन्मभर कोयताच चालवलात की!" हेरंबचा आवाज चढला. चूक दिसायला लागली की माणसाचा आवाज आधी चढतो, हे काही नवं नाही. "रोज तीन वेळा तासत होता तुम्ही झाडाला. मी तर दोन खिळे मारले!"

आबा रागावले नाहीत.

"पोय तासायचो. अंगाला हात लावला नाही. चढायलासुद्धा पायात दोरीचा फास घालून चढलो, पायऱ्या नाही खोदल्या." त्यांनी बोट धोतराला पुसलं. "न्हावी केस कापतो, बाबा. कान नाही."

इस्त्रीवाला हसला आणि मग हसू आवरून इस्त्री फिरवू लागला.

दोघं चालू लागले. हेरंबच्या हातातली पाटी आता त्याला जड वाटायला लागली होती. पण अजून त्याचा ताठा गेला नव्हता. एखादं झाड असतं रोगट, त्यात पाटीचा काय दोष?

"पोरांना शिकवतोस तू," आबा चालता चालता म्हणाले. "मलाही एकदा शिकव. आंब्याला खिळा मारला तर काय होतं?"

हा प्रश्न हेरंबच्या हातचा मळ. त्याला धीर आला.

"आंब्याला काही होत नाही फारसं. त्याच्या सालीखाली एक जिवंत थर असतो. तो दरवर्षी नवं लाकूड घालतो. जखम झाली की कडांनी भरून येते. काही वर्षांनी खिळासुद्धा पोटात घेतो आंबा."

"आणि माडाला?"

"माडाला, ताडाला, कुठल्याच पामला तो थर नसतो. खोड एकदा झालं की झालं. त्यामुळं पामची जखम कधीच भरत..."

हेरंब थांबला.

पाय थांबले, जीभ थांबली. हातातली हातोडी खाली लोंबली.

गेली नऊ वर्षं तो हे वाक्य दर जूनमध्ये फळ्यासमोर उभा राहून बोलत आला होता. पोरं लिहून घेत होती. परीक्षेत दोन मार्कांना येत होतं. आणि गेले अकरा महिने, त्याच तोंडानं शीळ घालत, त्यानं चारशे नव्याण्णव खोडांत... एकेकात दोन...

"...नाही," आबांनी त्याचं वाक्य पुरं केलं.

अंगावर कुणी गार पाण्याची घागर उपडी करावी तसं हेरंबला झालं. त्याला ठाऊक होतं! इथंच तर गोम होती. ठाऊक नसतं तर एक वेळ माफ. त्याला सगळं ठाऊक होतं, त्याच्या पुस्तकात छापलेलं होतं, आणि खिळा मारताना एकदा, एकदासुद्धा ते त्याच्या हातापर्यंत उतरलं नव्हतं.

"आबा, तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

"पाट्या लावतोय म्हणालास." आबांचा आवाज खाली गेला. "मला वाटलं, सुतळीनं बांधतोयस. विचारायला हवं होतं मी... नाही विचारलं."

दोघं पुढं निघाले. मधे दोन माड लागले, एक सुपारी लागली. हेरंबनं त्यांची नावं घेतली नाहीत. तो आता आबांसारखा खाली बघत चालला होता.

कोपरा वळला आणि त्याचं घर दिसलं.

रस्त्याच्या कडेला, कुंपणाच्या बाहेर, त्याचा माड. चौतीस वर्षांचा. हेरंबचं बारसं झालं त्या दिवशी त्याच्या वडिलांनी कोंब आलेला नारळ आणला होता, आणि खड्डा खणून तळाशी मीठ घालून तो लावला होता झिलू मयेकरांनी. घरात आत्यानं पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगितलं, कुर्र केलं. बाहेर माडाला पहिलं पाणी पडलं. वडील गेले त्याला आता सात वर्षं झाली. माडाला त्यांच्या जागी त्याची आई, माई, पाणी घालत होत्या, न चुकता रोज.

आत्ताही त्या बादली घेऊन तिथंच उभ्या होत्या.

"अगंबाई, आबा! किती दिवसांनी! अरे हेरंबा, यांना चालवत आणलंस की काय? रिक्षा नाही मिळाली?" मग त्यांनी मुलाचं तोंड बघितलं. "काय रे? काय झालं?"

हेरंब पाटीकडं बघत होता. हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरं, क्रमांक एक. डाव्या खिळ्याखाली ओघळ. उजव्या खिळ्याखाली ओघळ. आणि त्याखाली एक भोक, करंगळी जाईल एवढं. भोकाच्या तोंडाशी चघळून टाकल्यासारखा भुसा.

रोज सकाळी तो याच माडाखालून कॉलेजला जात होता. रोज पाटी बघत होता. पाटी सरळ आहे ना, एवढंच बघत होता.

आबांनी खोडावर हात ठेवला. थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग बाजूला झाले.

"कान लाव."

"आबा..."

"लाव."

हेरंबनं हातोडी खाली ठेवली, पाटी ठेवली आणि माडाला कान लावला. खोड उन्हानं कोमट होतं. आधी नुसती रस्त्यावरची घरघर. मग... आत...

कुर्र.

तो दचकला. पुन्हा कान दाबून धरला.

कुर्र... कुर्र... कुर्र...

एक नव्हे, कितीतरी. आत, खोल, सावकाश, आणि न थांबता. कुणीतरी निवांत बसून जेवत होतं.

"सोंड्या भुंगा," आबा म्हणाले. "त्याला जखमेचा वास लागतो. भोक दिसलं की अंडी घालतो. मग अळ्या आत शिरतात आणि बाहेरून काही दिसत नाही."

हेरंबचा कान खोडाला तसाच चिकटलेला. त्याला सोडवतच नव्हता. हे त्यानं केलं होतं. कुऱ्हाडीच्या भीतीनं ज्याला नाव दिलं, त्याच्या अंगात ते नाव ठोकून त्यानं दार उघडून दिलं होतं. स्वतःच्या हातानं, स्वतःच्या दारात, आई बघत असताना.

"काय ऐकतोस?" माई जवळ आल्या. "तो आवाज होय? मला ऐकू येतो की! महिना दीड महिना झाला."

हेरंब झटकन वळला.

"तुला... येतो?"

"पाणी घातलं की मी जरा टेकते ना इथं. पाठ टेकली की येतो. बारीक, कुर्र कुर्र असा." माई हसल्या. "मला आपलं वाटायचं, माड पाणी पितोय. तहानलाय बिचारा. म्हणून मी एकाच्या दोन बादल्या घालायला लागले."

हेरंबची नजर आईच्या हातातल्या बादलीवर गेली.

माईंचं हसू हळूहळू उतरलं. त्यांनी आबांकडं बघितलं, मुलाकडं बघितलं, मग भोकाकडं.

"काय आहे आत?... अरे, बोल ना! काय आहे?"

"आई, मी..." आणि चौतीस वर्षांचा प्रोफेसर भर रस्त्यात, नव्या कुडत्यात, माडाच्या बुंध्याशी मटकन खाली बसला.

आबांनी आता पहिल्यांदा वर बघितलं. सकाळपासून पहिल्यांदा. हेरंबनंही त्यांच्या नजरेमागं नजर नेली. झुबक्याच्या मधोमध, जिथून नवं पान भाल्यासारखं सरळ वर येतं, तिथं ते पान एका बाजूला कललं होतं. टोक पिवळं पडलेलं.

"वाचेल ना, आबा?"

ते माईंकडं वळले आणि फार मऊ आवाजात म्हणाले,

"माई, उद्यापासून याच्याखाली उभं राहू नका."

माईंच्या हातातली बादली खाली टेकली. पाणी हिंदकळून रस्त्यावर सांडलं. त्या तोंडाला पदर लावून कुंपणाच्या फाटकाला धरून उभ्या राहिल्या.

हेरंब ताडकन उठला. हातोडीचं मागचं टोक त्यानं खिळ्याच्या डोक्याखाली घातलं आणि जीव खाऊन ओढू लागला. पत्रा वाकला. खिळा कुरकुरला.

आबांनी त्याचं मनगट धरलं. ऐंशी वर्षांच्या त्या हातात अजून माडावर चढणाऱ्याची पकड होती.

"याचा नको. याचं आता कशानं काही व्हायचं नाही. बाकीच्यांचे काढ."

त्यांनी खांद्यावरची पिशवी उतरवून त्याच्या हातात दिली. हेरंबनं आत बघितलं. नारळ नव्हता. एक जुनी पक्कड होती, डांबराचा डबा होता, बांबूची एक काडी आणि चिंध्या.

"काढलास की लगेच भर. भोक उघडं ठेवून एक पाऊल पुढं टाकायचं नाही. आधी शिंदी."

"चारशे अठ्ठ्याण्णव..." हेरंब पुटपुटला. "किती वाचतील?"

"कान लावत जा. तेच सांगतील."

हेरंबच्या खिशात फोन वाजला. मंडळाची माणसं आली असणार. हार आले असणार. फोन वाजून वाजून बंद पडला. त्यानं पिशवी खांद्याला लावली. खाली पडलेली पाचशेवी पाटी उचलली, तिच्यावरची धूळ कुडत्यानं पुसली आणि मग कळेना तिचं काय करायचं. त्यानं ती फाटकाच्या आत, जमिनीवर, पालथी ठेवली.

जाण्याआधी तो पुन्हा माडापाशी आला. खोडावर दोन्ही हात ठेवून उभा राहिला. डोळे भरून वाहत होते, आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

"आबा, एक सांगा. मी चुकलो, कबूल. पण मी तर यांना वाचवायला... दोन वर्षं तुमच्या पायाशी बसलो. काय शिकलो मी? काहीतरी तर शिकलो असेन ना?"

आबांनी चष्मा नीट केला. काठी माडाला टेकवून ठेवली आणि पाटीच्या अगदी जवळ गेले. वाकलेल्या पत्र्यावरची अक्षरं ते एकेक करून लावत राहिले, पहिलीतल्या पोरासारखी, बोट फिरवत. मराठी नाव वाचलं. त्याखालचं अवघड नाव वाचलं. क्रमांक वाचला.

मधे आवाज फक्त आतून येत होता.

मग त्यांनी पाटीवरचा हात काढला, हेरंबच्या डोक्यावर ठेवला, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा म्हणाले,

"नाव बरोबर आहे, हेरंबा... अगदी बरोबर."